‘फ्रीजरमध्ये टाका, चीजकेक वर्षभर ताजा’ हा मेसेज आपल्याकडे का चालत नाही

लग्नसराई आणि वाढदिवस एकदम अंगावर आले की घरगुती केकवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदाही फिरतोय. त्यात सांगितलंय ते थोडक्यात असं: चीजकेक गरम असतानाच डब्यात बंद करून फ्रीजरमध्ये टाका. थंडीत जंतू मरतात, म्हणून तो वर्षभर ताजा राहतो. लागेल तेव्हा चार-पाच तास रूम टेंपरेचरला ठेवून नॉर्मलला आणा. उरला तर पुन्हा गोठवा. भाजलेला असो की चायना ग्रासचा, नियम एकच. वाटलं तर आइस्क्रीमसारखा गोठलेलाच खा. खाली ‘शंभर टक्के खात्रीशीर’ आणि हात जोडलेले.

चीजकेक गोठवूच नये, असं माझं म्हणणं नाही. अंडी, क्रीम चीज आणि साखर घालून ओव्हनमध्ये भाजलेला चीजकेक फ्रीजर फार चांगला सोसतो. त्यात स्निग्धांश भरपूर, साखरेमुळे सगळं पाणी गोठत नाही, आणि शिजलेलं अंडं उरलेलं पाणी धरून ठेवतं. नीट गोठवून नीट डीफ्रॉस्ट केला तर खाणाऱ्याला सहसा कळतही नाही. माझा आक्षेप आहे तो मेसेज लिहिणाऱ्याने जे घर डोळ्यांपुढे ठेवलंय त्यावर. त्या घरात लाइन जात नाही, फ्रीजर वेगळ्या दाराचा आणि मोठा आहे, आणि ओट्यावर बावीस अंश असतात. ते घर आर्वी, समुद्रपूर किंवा दर्यापूरकडचं नाही.

म्हणून सुरुवात रूम टेंपरेचरपासूनच करते. मेमध्ये चंद्रपूर, वर्धा, अकोला या पट्ट्यात पारा ४५ च्या पुढे जातो. टिनाखालचं स्वयंपाकघर रात्रीही तापलेलंच असतं. गोठलेला चीजकेक बाहेरून आत वितळतो. मधला भाग अजून बर्फ असतो तेव्हा कडा ओट्याइतक्या गरम झालेल्या असतात. अन्नातले जंतू साधारण ५ ते ६० अंशांमध्ये भराभर वाढतात. दूध, अंडी, चीज असलेला पदार्थ या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे. आपल्याकडे मार्च ते जून जवळपास रोज दुपारी तो एक तासाचाच नियम लागू होतो. चार-पाच तास हा हिशोब आला कुठून? कूलरपुढे ठेवूनही भागत नाही. तिथे हवा जरा गार असली तरी दमट असते, आणि केकवर पाणी सुटतं ते वेगळंच.

डीफ्रॉस्ट करायची जागा एकच, फ्रीजचा खालचा भाग. अख्खा किलोभराचा केक असेल तर रात्री ठेवून सकाळी काढायचा, वेगळे तुकडे असतील तर तीन-चार तास पुरतात. गुंडाळलेलं तेव्हाच सोडायचं नाही. हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर जमते, ती प्लास्टिकवर जमू द्या, केकवर नको. त्यानंतर दोन-तीन दिवसांत संपवायचा.

आता ‘थंडीत जंतू मरतात’. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. वाटीभर ताजं दही गोठवा, आठवड्याने काढा, वितळू द्या आणि कोमट दुधाला लावा. थोडा जास्त वेळ लागेल, पण विरजण लागतं. दह्यातले जिवाणू मेले असते तर लागलं असतं का? फ्रीजर जंतूंना झोपवतो, एवढंच. बाहेर आले, ऊब मिळाली की ते पुन्हा कामाला लागतात. काही जंतूंनी अन्नात आधीच सोडलेलं विष तर गोठवूनही जात नाही आणि पुन्हा गरम करूनही जात नाही. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजच्या थंडीतही सावकाश वाढतो आणि गरोदर बाईला त्याचा धोका सगळ्यात जास्त. हल्ली डोहाळजेवणालाही चीजकेकच्या ऑर्डरी येतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. त्या ऑर्डरीला भाजलेलाच केक द्या, तोही ताजा.

वर्षभराचं म्हणाल तर उणे १८ अंश अखंड टिकले तर केक बाधणार नाही. पण चव? महिनाभरात खाल्ला तर उत्तम, दोन महिने म्हणजे फार झालं. पुढे वरचा थर कोरडा पडतो, स्निग्धांशाला जुनाट वास येतो आणि शेजारच्या मटणाचा वास तो बिनतक्रार ओढून घेतो. म्हणून आधी उघडाच तास-दीड तास फ्रीजरमध्ये कडक होऊ द्यायचा, मग क्लिंग रॅपचे दोन फेरे, वर फॉइल, आणि त्यावर तारीख.

शिवाय उणे १८ आहेत कुणाकडे? गावाकडे बहुतेक घरांत सिंगल डोअर फ्रीज, वर बर्फाचा कप्पा. काही फ्रीजरांवर बर्फाच्या चांदण्या छापलेल्या असतात. एक चांदणी म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. (दारावर चिकटवलेल्या वीजबचतीच्या चांदण्या वेगळ्या. त्या बघून फ्रीजर किती थंड हे कळत नाही.) चांदण्या नसतील तर आइस्क्रीमचा डबा रात्रभर ठेवून बघा. सकाळी चमचा सहज घुसला तर तुमचा कप्पा चीजकेक महिनाभर सांभाळण्याइतका थंड नाही. तिथे आठवडाभराच्या वर ठेवू नका.

त्यात लाइन. भरलेला मोठा डीप फ्रीजर दार न उघडता सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. हे आकडे मी अनेकींच्या तोंडून फ्रीजवरच्या कप्प्यासाठी ऐकलेत, आणि तिथे ते अजिबात लागू नाहीत. तो कप्पा लहान, त्याचं झाकण पातळ, आणि घरातली पोट्टी थंड पाण्यासाठी दर दहा मिनिटांनी दार उघडणार. वळवाच्या वादळात तार तुटली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पत्ता नसतो. तुम्ही गावाला गेलेल्या असाल तर परत येईपर्यंत सगळं पुन्हा गोठलेलं, आणि काही घडलंय असं वाटतही नाही. त्यावर उपाय एका नाण्याचा आहे. वाटीत पाणी गोठवा, वर नाणं ठेवा, वाटी फ्रीजरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळून गेलं होतं. तो केक कुणालाही देऊ नका, घरच्यांनाही नाही.

गरम केक डब्यात बंद करायचा मुद्दा लवकर संपतो. वाफ झाकणाला लागते, तिचं पाणी केकवर पडतं, त्याचा बर्फ होतो आणि वरचा थर चिकट होतो. लहान कप्पा त्या उष्णतेने तापतो आणि शेजारचं सामान मऊ पडतं. पण मग ‘पूर्ण निवू द्या’ म्हणून दुपारभर ओट्यावर ठेवणंही चूकच. जाळीखाली, पंख्याखाली तासभर, मग रात्रभर फ्रीजमध्ये, आणि मगच फ्रीजर.

सगळ्यात जास्त नुकसान करतं ते ‘नियम एकच’ हे वाक्य. आपल्याकडे बिनअंड्याची मागणी जास्त, त्यामुळे निम्म्याहून जास्त चीजकेक चायना ग्रासवर बसवलेले असतात. गंमत अशी की जपानात चायना ग्रास बनवायची जुनी रीतच मुळी शेवाळाची जेली थंडीत गोठवायची, वितळवायची आणि तिच्यातलं पाणी निघून जाऊ द्यायचं, ही आहे. तेच तुम्ही ग्राहकाच्या केकबरोबर करता आणि मग ताटलीत पाणी का सुटलं म्हणून विचारता. जिलेटिनवर बसवलेला त्या मानाने बरा टिकतो, पण तो अनेक घरांत चालत नाही. कॉर्नफ्लोअर घातलेलाही पाणी सोडतो. चक्का आणि पनीर वाटून केलेला तर गोठवूच नये. त्यात स्निग्धांश कमी, पाणी सैल, आणि लहान कप्प्यात गोठणं संथ, त्यामुळे बर्फाचे खडे मोठे होतात. वितळल्यावर जिभेवर रवाळ लागतो.

तळाची काळजी नको. वर्ध्याचा गोरसपाक चुरून लोण्यात दाबलेला असो की साधी बिस्किटं, स्निग्धांशामुळे तो बरा राहतो. संत्र्याचं मात्र ऐका. फोडी वर लावून गोठवल्या की पेशी फुटतात आणि वितळल्यावर रस गळून नुसती सालपटं उरतात. वरूड-मोर्शीचा चांगला माल असा वाया घालवू नका, फोडी द्यायच्या वेळी लावा.

पुन्हा गोठवण्याबद्दल लोक दोन्ही टोकांना जातात. फ्रीजमध्येच डीफ्रॉस्ट झालेला, बाहेर न आलेला केक पुन्हा गोठवला तर बाधत नाही, फक्त पोत आणखी बिघडतो. तो घरी खा, विकू नका. पंगतीत टेबलावर तासभर राहिलेला उरलासुरला परत फ्रीजरमध्ये घालणं मात्र बंद करा. ‘फ्रीजरमधलं कुठं खराब होते का जी?’ असं मला विचारतात. फ्रीजरमधलं नाही होत, टेबलावरचं होतं.

आइस्क्रीमसारखा गोठलेलाच खा, हे त्या मेसेजमधलं वाक्य मात्र मला पूर्ण मान्य आहे. भाजलेल्या केकचा पातळ तुकडा फ्रीजरमधून काढून पाच-सात मिनिटांत, कडा सैल आणि आत कडक असताना खावा. मेच्या दुपारी मी ग्राहकांना स्वतःहून तसा सुचवते.