ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. मग?

"ओआरएस म्हणजे नुसतं साखर-मिठाचं पाणी. त्याने जुलाब थांबत नाहीत, उलट वाढतात. पोटाला आराम द्या, पाणी बंद करा. द्यायचंच तर पुडी घट्ट कालवा, नाहीतर कोल्ड्रिंक पाजा. खरा इलाज सलाईनच." हा मजकूर सगळीकडे फिरतोय. काल तो भाचीने पाठवला, खाली प्रश्न : "मामा, बाळाचं पाणी बंद करू का?" बाळ दहा महिन्यांचं आहे.

अजिबात बंद करायचं नाही. पिणं थांबवलं की आत जाणं थांबतं, बाहेर पडणं चालूच राहतं. जुलाबात जीव जातो तो बहुतेकदा पाणी आणि क्षार संपल्यामुळे. अंगावरचं दूधही चालू ठेवायचं, नेहमीपेक्षा जास्त वेळा.

सगळ्यात घातक सल्ला म्हणजे "घट्ट कालवा". जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरभर पाण्याला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. त्यातून लिटरमागे सोडियम ७५ मिलिमोल (कणांची संख्या मोजायचं माप) आणि ग्लुकोजही ७५ येतं. ही जोडी मुद्दाम जुळवलेली आहे : लहान आतड्यातलं एक वाहक प्रथिन ग्लुकोज सोबत असेल तरच सोडियम आत घेतं आणि त्यामागोमाग पाणी शोषलं जातं. पटकीतही (कॉलऱ्यातही) हे प्रथिन काम करत राहतं. आता लिटरची पुडी २०० मिलीच्या पेल्यात कालवली तर सोडियम होतं ३७५, आणि रक्तात ते असतं १३५ ते १४५. असलं द्रावण शरीरातलंच पाणी आतड्यात ओढतं. जुलाब वाढतात (आणि दोष ओआरएसच्या माथी!), रक्तातलं सोडियम चढतं, बाळ किरकिरं होतं, पुढे झटकेही येऊ शकतात. पुड्या लिटरच्याही मिळतात, २०० मिलीच्याही, लेबल वाचा. पाणी उकळून गार करा, मोजा, मगच पूर्ण पुडी टाका. अंदाजाने अर्धी नको. वरून साखर, दूध, रस काही नको. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

कोल्ड्रिंकमध्ये साखर भरमसाट, सोडियम जवळपास नाही. पुढे बोलायची गरज नाही.

"जुलाब थांबत नाहीत" हे मात्र, नाइलाजाने, मान्य. ते ओआरएसचं कामच नाही; गेलेलं भरून काढणं हे काम. परिणाम लघवी आणि तरतरी यांवरून पाहायचा. जुलाबाचा काळ कमी व्हावा म्हणून झिंक (जस्त) असतं : सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला १०, असं १० ते १४ दिवस. जुलाब थांबले तरी पूर्ण द्यायचं.

आणि सलाईन. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं द्रावण पिंपांत भरून रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला लावलं. ३० टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. ओआरएस म्हणजे वेळ घालवणं असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली ओआरएस, मोठ्या मुलाला १०० ते २०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. बाटलीने गटागटा नको, उलटी त्यामुळेच होते.

मूल मलूल पडलं, पिऊ शकत नाही, डोळे खोल गेले, पोटावरची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसते, शौचात रक्त दिसतं, यातलं एकही दिसलं तर लगेच दवाखाना. सलाईनची खरी गरज यांतल्या अत्यवस्थ मुलांना असते. वाटेतही मूल शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर चमचा चालू ठेवा.