‘रोज तेच ते’ हे अर्धंच खरं

ज्यांना ठरलेली दिनचर्या आवडते त्यांना फाउंड्रीचं, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यातलं, काम मानवतं, कारण तिथे ‘रोज तेच ते’ असतं, असं तुमच्या लेखात म्हटलंय. पहिला भाग पटला. रबाळ्याच्या एका फाउंड्रीत मी अकरा वर्षं मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला, होतो. पेटी ठेवा, वाळू ठोका, पॅटर्न (वस्तूचा नमुना) काढा, कोअर (पोकळीसाठीचा वाळूचा गाभा) बसवा, पेटी बंद. डोक्याला शांतता असायची, खोटं कशाला बोलू! पण ‘तेच ते’ फक्त हातांना. वाळू रोज वेगळी असते. ओल्या वाळूत पाणी साधारण ३ ते ४ टक्के लागतं; जास्त झालं की वाफ धरते आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या वस्तूत, ब्लो होल, वायूनं पडलेली भोकं. जुलैत ठाणे-बेलापूर पट्ट्यातली हवा तुम्हाला माहीतच आहे, उघड्यावरची नवी वाळू आपोआप पाणी पिऊन बसते. मे महिन्यातलं माप तेव्हा चालत नाही. आमचे मिस्त्री यंत्राचा आकडा यायच्या आधी मूठ वळून, मोडून सांगायचे, ‘आज पाणी कमी टाक रे.’

एक गोष्ट मात्र लेखात यायला हवी होती. नेमानं वागणाऱ्या माणसाची खरी गरज ओतकामाला आहे. लॅडल, म्हणजे धातू ओतायचा मोठा डाव, नीट तापवून कोरडा केल्याशिवाय १,३०० अंश सेल्सिअसच्या वरचा धातूचा रस त्यात घ्यायचा नाही, ओल राहिली तर तो उसळून अंगावर येतो. आमच्याकडे एका हुशार पोरानं घाईत हेच टाळलं होतं. पाय वाचला, बूट गेला.