सिनेमा बघू की रिमोट चालवू?

गेल्या आठवड्यात घरी बसून तीन सिनेमे आणि एक माहितीपट पाहिला. पाहिला म्हणजे काय, सगळा वेळ रिमोटच्या आवाजाच्या बटणावर अंगठा ठेवून बसलो होतो.

हल्ली पात्रं बोलतच नाहीत. घटस्फोटाचा विषय असो नाहीतर खुनाची कबुली, सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटणार. म्हणून आवाज बारावरून तीसवर न्यायचा, कान टवकारायचे, की नेमकी तेव्हाच धाडकन गोळी सुटते. आतल्या खोलीतून आई ओरडते, "अरे, कमी कर तो आवाज, दचकले ना मी!" कमी केला की पुन्हा पुटपुट.

परवा तर कहर झाला. शेवटचा प्रसंग. म्हातारा बाप मुलाला काहीतरी सांगतो, मुलगा ढसाढसा रडतो, संपला सिनेमा. बाप काय म्हणाला? देव जाणे. तीनदा मागे नेलं. चौथ्यांदा झक मारत सबटायटल लावलं. आपल्याच भाषेतला सिनेमा, कान ठणठणीत, आणि वाचून बघायचा! तो म्हणाला होता, "दिवा मालवून झोप." एवढंच. ऐकू आलं असतं तर मीही रडलो असतो. वाचलं आणि नुसता चिडलो.

कारण म्हणे, ध्वनी थिएटरच्या हिशेबाने बांधलेला असतो. 5.1 म्हणजे आवाजाच्या सहा वाटा, त्यात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून. घरी त्या सहाच्या दोन होतात, आणि टीव्ही इतका चपटा की त्याचे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसलेले. आमच्या भिंतीला सगळे संवाद पाठ झाले असतील.

चित्राचं तर बोलायलाच नको. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींचा, पण टीव्हीला वाटतं कमी पडतायत, म्हणून मधल्या चौकटी हा स्वतःच्या मनाने घालतो. मग उत्तम छायाचित्रण केलेला सिनेमाही दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. 2018 साली टॉम क्रूझने खास व्हिडिओ करून लोकांना सांगितलं, बाबांनो, हे बंद करा. करतो की! मेनूच्या पाचव्या तळघरात ते सापडलं, बंद केलं. अपडेट आलं, पुन्हा चालू.

आणि तो माहितीपट! पैसे घेऊन पळालेल्या एका हिशेबनिसाची गोष्ट, सहा भागांत. फ्रेंच दिग्दर्शक आलँ रेने यांनी ‘नाइट अँड फॉग’ या माहितीपटात नाझी छळछावण्यांचा नरक 32 मिनिटांत दाखवला. इथे 32 मिनिटं झाली तरी हिशेबनीस घराबाहेर पडला नव्हता. लांबीबद्दल माझी तक्रार नाही, ज्यूंच्या संहारावरचा ‘शोआ’ हा माहितीपट नऊ तासांहून मोठा आहे आणि तो हवाच तेवढा. पण इथे ड्रोन शहरावरून फिरतोय, पाठमोरा नट सिगारेट ओढतोय, आणि प्रत्येक भागाची पहिली पाच मिनिटं मागच्या भागाची उजळणी. हिशेबनिसाची बहीण खरोखर रडत काहीतरी सांगत होती, तर तिच्या आवाजावर व्हायोलिनं चढवलेली. पुन्हा आवाज तीसवर.

शेवटी म्हटलं, निदान ध्वनी कोणी केलाय ते नाव तरी वाचू, शिव्या घालायला बरं. नामावली लागली, आक्रसून कोपऱ्यात गेली, उलटे आकडे पडले, आणि कुठल्याशा मारधाडपटाची झलक त्याच तीसवर सुरू झाली.

"अरेऽऽ!" आतून.