चिखल बिचारा निर्दोष असतो

ऑफ-रोड गाडीच्या प्रत्येक मालकात दोन माणसं नांदतात. एकाला गाडी बोनेटपर्यंत चिखलात घालायची असते आणि दुसऱ्याला त्याच बोनेटमध्ये स्वतःचा चेहरा बघायचा असतो. दोघांचं कधीच पटत नाही. दर वेळी भांडण मिटवायला मध्ये पडतं ते फडकं, आणि तिथूनच दुखण्याला सुरुवात होते. माझं ठाम मत आहे की अशा गाडीच्या रंगाची जेवढी वाट रानातल्या काटेरी झुडपांनी लागत नाही, तेवढी घरी आल्यावर मालकाच्या हातून, अत्यंत प्रेमाने लागते. झुडूप निदान एका बाजूने ओरखडतं. मालक चारही बाजूंनी फिरतो, आणि शिडी मिळाली तर छतही सोडत नाही.

आपण नेमकं काय वाचवतोय ते आधी बघू. कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन जाड असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला सगळ्यात वरचा बिनरंगी क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या बऱ्याच केसांपेक्षाही बारीक. चमक, उन्हापासून बचाव, शेजाऱ्याचा मत्सर, सगळं या एका थराच्या भरवशावर चालतं. उलट चिखलातली वाळू बहुतांशी क्वार्ट्झची. फ्रेडरिक मोस यांनी 1812 साली खनिजांच्या कडकपणाची जी उतरंड लावली, तिच्यात क्वार्ट्झ सातव्या पायरीवर आहे. साध्या चाकूचं पातंही त्याच्यापुढे मऊ. ही वाळू फडक्याखाली दाबून धरायची आणि वर म्हणायचं, "जरा हात फिरवून घेतो."

कोरड्या गाडीवर फडकं मारणं हा गुन्हा नंबर एक. वाळूचा एक कण फडक्यात अडकतो, तळहाताचा भार त्याच्यावर येतो आणि हात जिकडे जाईल तिकडे तो इमानेइतबारे रेघ ओढत जातो. सावलीत काही दिसत नाही. रात्री टॉर्च लावला की प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याचं जाळं उमटतं. मग लोक म्हणतात, गोल गोल पुसलं म्हणून गोल चरे पडले, आता सरळ पुसू. खरं तर चरे सगळ्या दिशांना असतात. प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून नक्षी गोल दिसते. सरळ पुसलं तरी घाण तीच आणि चरेही तेच, फक्त शिस्तीत.

तेव्हा पहिला नियम असा, की चिखलाला हात लावायचा नाही. त्याला स्वतःहून जाऊ द्यायचं.

त्यासाठी गाडी सावलीत लावा आणि थंड होऊ द्या. बोनेटवर हात ठेवून बघा, गरम लागलं तर थांबा. गरम पत्र्यावर शाम्पू सुकून डाग धरतो, आणि घाटातून तापून आलेल्या ब्रेक डिस्कवर गार पाणी मारलं तर ती वाकण्याची भीती असते. मग साध्या पाइपने, जोर न लावता, सगळी गाडी भिजवा आणि दहा मिनिटं काहीही करू नका. ही दहा मिनिटं संपूर्ण धुलाईतली सगळ्यात अवघड पायरी. माणसाचे हात शिवशिवतात, नखाने ढेकूळ उचकटावंसं वाटतं. उचकटू नका. वाळलेला चिखल निघताना आपल्याबरोबर वाळू घासत नेतो, भिजलेला मुकाट्याने ओघळतो. ढेकळं हट्टी असतील तर पुन्हा भिजवा.

यानंतर प्रेशर वॉशर. या यंत्राच्या नोझलांना रंग असतात, त्यात पांढरं 40 अंशांचं आणि हिरवं 25 अंशांचं; अंश म्हणजे धार किती पसरते ते. रंगावर पांढरं, चाकांच्या कमानीत हिरवं. लाल नोझल शून्य अंशाचं असतं. त्यातून पाण्याची सुई निघते, ती काँक्रीटवरचा डाग काढते आणि तुमचा रंगही. ते डब्यातून बाहेरच काढू नका. पत्र्यापासून किमान एक फूट अंतर ठेवा. जिथे रंगाचा टवका आधीच उडालाय तिथे धार तिरकी मारली तर पाणी कडेखाली शिरून टवक्याचा पापुद्रा करतं. स्टिकरचंही तेच.

आता खाली वाका. वरून कीर्तन आतून तमाशा ही म्हण धुतलेल्या ऑफ-रोड गाडीकडे बघूनच सुचली असावी. बोनेट आरशासारखं आणि चॅसीच्या पोकळीत दोन कुंड्या भरतील एवढी माती! ही माती पाणी धरून ठेवते आणि गंजाला घरजावई करून घेते. चॅसीच्या तुळयांना आणि दारांच्या तळाला पाणी निघून जायला भोकं असतात. ती काडीने मोकळी करा आणि आतून येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत पाइप सोडा. समुद्राच्या वाळूत गाडी घातली असेल तर हे काम त्याच दिवशी. चिखल एक रात्र थांबतो, मीठ थांबत नाही. चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. तिथे मुठीएवढा गोळा सुकून बसला असेल तर वेग वाढला की स्टिअरिंग थरथरू लागतं, आणि मालक सस्पेन्शन उघडायला निघतो. रोग मातीचा, बिल मेकॅनिकचं.

खाली जोर चालतो म्हणून सगळीकडे चालत नाही. रेडिएटरच्या पट्ट्या अॅल्युमिनियमच्या, नखानेही वाकणाऱ्या. तिथला चिखल साध्या पाइपने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने ढकलायचा. पुढून जोरात मारलं तर तो अजून आत जाऊन बसतो आणि पुढच्या चढावर तापमानाचा काटा तुम्हाला त्याची आठवण करून देतो. अल्टरनेटर, वायरिंगचे जोड, चाकाच्या बेअरिंगचे सील आणि अॅक्सलचे ब्रीदर, म्हणजे हवा जाण्यायेण्याची तोंडं, यांच्यावर जवळून धार नको. ज्या प्रॉपेलर शाफ्टला, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याला, ग्रीस निपल (ग्रीस भरायची तोंडं) आहेत त्याला धुतल्यावर ग्रीस द्या, जुनं ग्रीस पाण्याबरोबर बाहेर येईपर्यंत. खालून डिझेल किंवा जळकं ऑइल फवारण्याचा सल्ला देणारे उंटावरचे शहाणे सगळीकडे भेटतात. तेलाने रबराचे बुश फुगतात आणि धूळ दुप्पट चिकटते. गंज रोखायचा असेल तर पोकळीत मारायचं खास मेण मिळतं, ते मारा. तेही सगळं पूर्ण वाळल्यावर.

एवढं झाल्यावर कुठे साबणाची पाळी येते. आधी फोम. दाट फेस गाडीवर चार-पाच मिनिटं राहू द्या, तो सुकायच्या आत धुऊन टाका. फेस खालून वर मारावा की वरून खाली, यावर जाणकारांत हातघाईची भांडणं होतात. मी त्यात पडत नाही. फेस दिसायला इतका छान असतो, की पुष्कळ जण फोटो काढण्यात तो सुकवतात, हे मात्र नक्की.

मग दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं, दोन्हींच्या तळाशी जाळी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मोजा साध्या पाण्यातल्या जाळीवर घासून पिळायचा आणि मग पुन्हा शाम्पूत. सुरुवात छतापासून, नंतर काचा, बोनेट, दारांचा वरचा भाग आणि शेवटी दारांचा खालचा पट्टा. या पट्ट्यावर सगळ्यात जास्त रेव असते, म्हणून त्याला वेगळा मोजा. चाकांना तिसरी बादली. हे सगळं थोतांड वाटत असेल तर काम संपल्यावर साध्या पाण्याची बादली हळूच ओता आणि तळाला बोटं लावून बघा. तिथे बोटांना जी कचकच लागते, ती एकाच बादलीत सगळी उरकणारा माणूस पुन्हा पुन्हा बोनेटवर नेऊन घासत असतो.

शाम्पू डब्यावर लिहिलाय तेवढाच. दहा लिटरला 30 मिली म्हटलं असेल तर 30. जास्त घातला म्हणून गाडी जास्त स्वच्छ होत नाही, फक्त धुऊन काढायला पाणी जास्त लागतं. भांड्यांचा साबण चालत नाही. तो तेलकटपणा काढायलाच बनवलाय आणि रंगावरचं मेण त्याच्या दृष्टीने तेलकटपणाच. तुम्ही तासभर खपून लावलेलं संरक्षण तो पहिल्याच धुलाईत घेऊन जातो.

पुसताना घासायचं नाही. मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरायचा आणि टोकांना धरून ओढायचा. तो जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता बाद. झटकून पुन्हा वापरणाऱ्याने मघाची वाळूची गोष्ट परत वाचावी. पाणी आपोआप वाळू दिलं तर जड पाण्यातला क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने मागे राहतो. ताजे ठिपके पातळ केलेल्या व्हिनेगरने निघतात, उन्हात भाजलेले निघता निघत नाहीत.

धुऊनही पत्रा हाताला खरखरीत लागला तर क्ले वापरा, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी. भरपूर ओलावा ठेवायचा, हलक्या हाताने, सरळ रेषेत. खाली पडली तर टाकून द्यायची. ब्रेकच्या धुळीतले लोखंडी कण काढायचं द्रावण फवारलं की जांभळे ओघळ येतात आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. घाबरू नका, ते काम करतंय.

पॉलिशबद्दल एकच सांगतो. पॉलिश रंगावर काही चढवत नाही, उतरवतं. चरा दिसेनासा होतो, कारण त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट त्याच्या पातळीला आणला जातो. 40-50 मायक्रॉनच्या पुंजीतून दरवर्षी असं खात राहिलं की एक दिवस दिवाळखोरी, म्हणजे पांढरट, मेलेला डाग. तो कुठल्याच बाटलीने बरा होत नाही. ज्या गाडीला पुन्हा झुडपात जायचं आहे तिचा शेवटचा बारीक चरा काढण्याचा हट्ट मला तरी कळत नाही. आणि रंग मॅट असेल तर पॉलिशचं नावही काढू नका, जिथे घासाल तिथे तुकतुकीत डाग पडेल.

संरक्षणाच्या बाजारात सगळ्यात मोठा आवाज सिरॅमिक कोटिंगचा. बाटलीवर 9H असं ठळक छापलेलं असतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं, दगड मारला तरी दगडच फुटेल. ही मोजपट्टी पेन्सिलींची आहे. 9H कडकपणाच्या पेन्सिलीने चरा पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. रानातल्या फांद्यांनी ही पेन्सिलीची परीक्षा वाचलेली नसते आणि वाळू मोसच्या सातव्या पायरीवरून खाली उतरत नाही. कोटिंगची जाडी जेमतेम मायक्रॉन-दोन मायक्रॉन. त्याचा फायदा खरा आहे, पण वेगळा. चिखल घट्ट धरत नाही, पाण्याच्या धारेने सुटतो, म्हणून घासावं कमी लागतं, आणि कमी घासणं हीच तर आपली सगळी लढाई. मेणही हेच काम करतं, फक्त थोडे महिने टिकतं आणि दर वेळी हात दुखवतं. धुऊन झाल्यावर ओल्या गाडीवर फवारायचं सीलंट हा आळशांचा मधला मार्ग. मी तो मनापासून सुचवतो.

फांद्यांपुढे खरोखर टिकते ती पारदर्शक फिल्म, 150 ते 200 मायक्रॉन जाडीची. म्हणजे एकटीच अख्ख्या रंगापेक्षा जाड. तिच्यावरचे बारीक चरे उन्हाच्या उबेने भरून येतात. सगळ्या गाडीला लावायचा खर्च झेपत नसेल तर दारांचे खालचे पट्टे, मागच्या चाकांच्या पुढचा भाग, बोनेटची पुढची कड आणि हँडलमागची खोबण एवढं झाका. ओरखड्यांचा मोठा वाटा तिथेच पडतो.

काही जागा मात्र मालक कधी बघतच नाही. चाकांवरच्या काळ्या प्लास्टिकच्या फ्लेअरची कड रंगाला टेकते, मधल्या फटीत बारीक वाळू बसते आणि हादऱ्याने ती वर्षभर पॉलिश पेपरसारखी चालते. फ्लेअर काढला की खाली उघडा पत्रा. छतावरच्या कॅरियरचे पाय, मागच्या दारावरच्या स्टेपनीची मागची बाजू, सैल सुटून वाऱ्यावर फडफडणारा सामानाचा पट्टा, सगळे त्याच टोळीतले. फटीत पाण्याची धार सोडा आणि टेकणाऱ्या कडेखाली फिल्मची पट्टी लावा. फ्लेअरच्या काळ्या प्लास्टिकला मेण लागू देऊ नका, पांढरे डाग पडतात आणि दातांच्या ब्रशने काढत बसावं लागतं. मळक्या गाडीवर कव्हर घालणं म्हणजे वाऱ्याला फडकं देऊन गाडी पुसायला सांगणं.

एवढं करूनही चरा पडणारच. त्यावरून नख आडवं फिरवा. अडकलं नाही तर चरा वरवरचा आहे, जगू द्या. अडकलं तर खोल आहे. तळाशी धातू चमकत असेल तर त्याच आठवड्यात बंदोबस्त करा. जागा स्वच्छ करून, तेलकटपणा काढून, आधी प्रायमर, मग रंग, मग क्लिअर, प्रत्येकाचे पातळ हात आणि मध्ये वाळायला वेळ. रंगाचा कोड बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर असतो. "पांढरा द्या" म्हणून रंग आणू नये. पांढरे किती असतात ते त्या डागावरून कळतं.

धुलाईनंतर गाडी लगेच झाकून ठेवायची नाही. ब्रेक ओले असतात आणि डिस्कवर तासाभरात तांबूस गंज धरतो. तो निरुपद्रवी, पण गाडी थोडी चालवून चार-सहा वेळा हलके ब्रेक मारल्याशिवाय जात नाही. म्हणजे धुतलेली गाडी बाहेर काढणं आलंच. त्यासाठी डांबरी रस्ता निवडण्याइतका संयम मालकाने दाखवावा. याच फेरीत आरशांच्या आणि स्टेपनीच्या पोटात दडलेलं पाणी बाहेर येऊन दारांवर ओघळतं. ते टिपायला एक मायक्रोफायबर सोबत ठेवा, आणि रस्त्यात धूळ बसलीच असेल तर तो खिशातून काढू नका.