टायटॅनिकच्या चाकावरचा माणूस गोंधळला म्हणे!

परत तोच मेसेज फिरतोय. फर्स्ट ऑफिसर मर्डॉकने 'हार्ड अ-स्टारबोर्ड' ऑर्डर दिली, चाकावरच्या हिचेन्सचा शिडाच्या आणि वाफेच्या जहाजांच्या ऑर्डरींमध्ये घोळ झाला, चार मिनिटं हातात असूनही त्याने जहाज थेट हिमनगाकडेच वळवलं, आणि हे सेकंड ऑफिसर लाइटोलरच्या घरातलं गुपित त्याच्या नातीने, लुईस पॅटनने, 2010 मध्ये फोडलं. स्टोरी भारी आहे, पण टिकत नाही.

एक तर शिडाची वेगळी आणि वाफेची वेगळी अशी भानगडच नव्हती. ऑर्डर असायची टिलरची, म्हणजे सुकाणूच्या दांड्याची. शिडाची छोटी बोट चालवणाऱ्या कुणालाही विचारा, टिलर उजवीकडे ढकलला की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, डावीकडे वळते, आणि टॅक मारताना, म्हणजे नाळ वाऱ्यातून पलीकडे वळवताना, टिलर वारा जिकडे चाललाय त्या बाजूला ढकलतात तेव्हा कुठे नाळ वाऱ्यात येते. म्हणून स्टारबोर्ड म्हणजे उजवं असलं तरी त्या ऑर्डरचा अर्थ 'जहाज डावीकडे घे'. पुढे चाक आलं, इंजिन आलं, तरी ब्रिटिश स्टीमरांवरसुद्धा हीच भाषा 1933 उजाडेपर्यंत चालू होती. मग 1912 मध्ये हिचेन्स गोंधळणार कशात?

बरं, तो एकटाही नव्हता. सिक्स्थ ऑफिसर मूडी तिथेच उभा होता आणि चाक पूर्ण फिरलंय हे त्याने मोठ्याने सांगितलं, अशी हिचेन्सची साक्ष आहे.

आणि जहाजाचं काय? ते दोन पॉइंट, म्हणजे साडेबावीस अंश, डावीकडे वळलं आणि हिमनग घासला उजव्या कुशीला. उलट वळवलं असतं तर मार डाव्या बाजूला नाहीतर समोरून बसला असता ना!

'चार मिनिटं हातात होती' हे तर कहर आहे. साडेएकवीस नॉट, म्हणजे ताशी सुमारे 40 किलोमीटर वेगात चार मिनिटांत अडीच किलोमीटरच्या वर अंतर कापलं जातं, आणि जुळं जहाज ऑलिंपिक त्याच वेगात दोन पॉइंट वळायला फक्त 37 सेकंद घ्यायचं, हे अपघाताच्या चौकशीतच आलंय. चार मिनिटं असती तर हिमनग लांबून बघत गेले असते.

लाइटोलर तेव्हा ड्युटी संपवून बंकमध्ये होता, त्यामुळे त्याचं सगळं ऐकीवच.

हां, उलट्या दिशेची एक ऑर्डर होती खरी. क्वार्टरमास्टर ऑलिव्हरने 'हार्ड अ-पोर्ट' ऐकल्याचं सांगितलंय, बहुतेक मागची बाजू वाचवायला दिलेली. पण तेव्हा हिमनग घासून मागे गेला होता.