भानू अथैया यांचे ऑस्कर पंधरा मिनिटांत मिळालेले नाही

चित्रपटांच्या वेशभूषाकार भानू अथैया यांची जयंती (२८ एप्रिल) किंवा पुण्यतिथी (१५ ऑक्टोबर) जवळ आली की एक मजकूर व्हॉट्सॲपवर हमखास फिरू लागतो. कोल्हापूरची एक साधीसुधी, कपड्यांची हौस असलेली मुलगी नशिबाने सिनेमात आली, ब्रिटिश दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो यांनी तिला पंधरा मिनिटांच्या भेटीत ‘गांधी’ दिला, नुसत्या धोतर-पंचावर भारताला पहिले ऑस्कर मिळाले, त्यानंतर ती विस्मरणात गेली आणि देशाने कदर केली नाही म्हणून वैतागून तिने ते ऑस्कर परत केले, असा त्याचा सारांश आहे. ११ एप्रिल १९८३ रोजी ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या, एवढे त्यातले निर्विवाद खरे. बाकीचा मजकूर कौतुकाच्या सुरात लिहिलेला असला, तरी तो त्यांचे कर्तृत्व वजा करून लिहिलेला आहे.

‘हौस’ या शब्दापासूनच सुरुवात करू. भानू अथैया यांचा, म्हणजे माहेरच्या भानुमती राजोपाध्ये यांचा जन्म १९२९ मध्ये कोल्हापुरात झाला. त्यांचे वडील अण्णासाहेब चित्रकार होते आणि मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या चित्रपटांसाठी त्यांनी काम केले होते. ज्या कोल्हापुरात रंगवलेला पडदा, कॅमेरा आणि कुंचला एकाच आवारात नांदत होते, त्या वातावरणातली ही मुलगी. वडील लवकर गेले, पण चित्रकला सुटली नाही. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात त्यांनी रीतसर शिक्षण घेतले आणि १९५१ मध्ये ‘लेडी इन रिपोज’ या चित्रासाठी सुवर्णपदक मिळवले. हुसेन, गायतोंडे यांच्यासारखे आधुनिक चित्रकार ज्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी जोडलेले होते, त्या गटाच्या १९५३ च्या मुंबईतील प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. पोटापाण्यासाठी त्या ‘ईव्ह्ज वीकली’सारख्या नियतकालिकांत फॅशनची रेखाचित्रे काढत. या नियतकालिकाच्या संपादिकेने बुटीक काढले तेव्हा कागदावरचे कपडे प्रत्यक्ष शिवून पाहण्याची संधी त्यांना मिळाली आणि तेथूनच चित्रपटांची दारे उघडली. एवढ्या तयारीला हौस म्हणायचे असेल, तर मग शिक्षण कशाला म्हणायचे?

पंधरा मिनिटांची गोष्ट मुळात खोटी नाही. हा चित्रपट उभा करायला आपल्याला सतरा वर्षे लागली, पण भानू अथैया यांची निवड करायला पंधराच मिनिटे लागली, असे स्वतः ॲटनबरो यांनीच म्हटले आहे. ते त्यांनी दाद म्हणून म्हटले होते. मजकूर लिहिणाऱ्याने त्यातून नशीब काढले. त्या भेटीच्या वेळी अथैया यांच्यामागे जवळपास तीन दशकांचे काम होते. ‘श्री ४२०’मधला नादिरा यांचा गाऊन, ‘साहिब बीबी और गुलाम’, ‘गाइड’, ‘वक्त’मधला साधना यांचा तंग चुडीदार-कुर्ता, जो पुढे गावोगावच्या शिंप्यांकडे नमुना म्हणून पोहोचला, ही नुसती उदाहरणे आहेत. ‘आम्रपाली’साठी (१९६६) त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास केला. ‘ब्रह्मचारी’त मुमताज यांना नाचता यावे म्हणून निऱ्यांसकट शिवून घेतलेली साडी त्यांनी दिली. परदेशी दिग्दर्शकाबरोबर काम करण्याची वेळही पहिलीच नव्हती, कारण कॉनराड रुक्स यांचा ‘सिद्धार्थ’ १९७२ मध्येच होऊन गेला होता.

सर्वांत जास्त पसरलेला आणि मला सर्वांत जास्त खटकणारा दावा धोतर-पंचाचा आहे. ‘गांधी’त कपडे होतेच कुठे, असे हसत हसत विचारले जाते. चित्रपटाची कथा १८९३ मधल्या, दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमारित्झबर्गच्या रेल्वे फलाटापासून १९४८ पर्यंत येते, आणि या पंचावन्न वर्षांत गांधीजींनी जितक्या जाणीवपूर्वक पोशाख बदलला तितका क्वचितच एखाद्या राजकीय नेत्याने बदलला असेल. कोट-टाय घातलेला बॅरिस्टर, १९१५ मध्ये मायदेशी परतताना काठेवाडी अंगरखा आणि फेटा, मग साधी टोपी, आणि सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत घेतलेला पंचाचा निर्णय, असा तो प्रवास आहे. कस्तुरबांचेही तसेच. १८९६ च्या अखेरीस कुटुंबाला घेऊन आफ्रिकेला जाताना गांधीजींनी त्यांना पारशी पद्धतीची साडी नेसायला लावली होती आणि मुलांना बूट-मोजे चढवले होते, हे आत्मकथेत नोंदवलेले आहे. तेथून खादीच्या जाड्याभरड्या लुगड्यापर्यंत रोहिणी हट्टंगडी यांना एकाच चित्रपटात वय वाढवत न्यायचे होते. शिवाय नेहरू, पटेल, जिना, आझाद, आश्रमवासी, मिठागरावर मार खाणारे सत्याग्रही, फाळणीतले निर्वासित. प्रांत, धर्म, वर्ग आणि साल यांप्रमाणे टोपीचा आकार आणि धोतराचा काचा बदलतो, आणि ज्या प्रेक्षकांच्या आजोबांनी तोच काचा मारलेला असतो त्यांच्या नजरेतून चूक सुटत नाही. त्यात पांढरा हा कॅमेऱ्यापुढचा सर्वांत अवघड रंग: कोरे कापड अंगावर नाटकी दिसते, म्हणून ते वापरलेले, धुतलेले, उन्हात विटलेले भासावे लागते. भरजरी पोशाखात तपशिलाची चूक झाकता येते, खादीत येत नाही. त्या वर्षी ऑस्करच्या वेशभूषा विभागात नामांकन मिळालेल्यांत पिएरो तोसी यांचा ‘ला ट्रावियाता’ होता, ‘व्हिक्टर/व्हिक्टोरिया’ होता आणि उजळत्या रेषांच्या पोशाखांचा ‘ट्रॉन’ही होता. झगमगाटाला पर्याय नव्हता म्हणून खादीला मत पडले, असे म्हणण्याची सोय तेथे नव्हती.

याच संदर्भात मजकुरातून गाळलेले एक नाव सांगितले पाहिजे. ते ऑस्कर अथैया आणि जॉन मोलो या दोघांना मिळून होते. मोलो लष्करी गणवेशांचे जाणकार होते आणि ‘स्टार वॉर्स’साठी त्यांना आधीच एक ऑस्कर मिळालेले होते. भारतीय अभिमानाच्या भरात त्यांना वगळणे जितके चूक, तितकेच खरे काम इंग्रजाने केले आणि आपल्या बाईंचे नुसते नाव लागले, हे काही जणांचे कुजबुजणेही चूक आहे. पडद्यावरचा भारतीय समाज अथैया यांनी उभा केला होता.

विस्मरणात गेल्याच्या दाव्यावर फार शाई खर्च करायचे कारण नाही. ‘लेकिन’ आणि ‘लगान’ या दोन्हींसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि हे दोन्ही चित्रपट ऑस्करनंतरचे आहेत. ऑस्करनंतरच्या याच काळात ‘चांदनी’ आणि ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’ येऊन गेले.

राहिला ऑस्कर परत केल्याचा मुद्दा. पुतळा २०१२ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीकडे गेला हे खरे, पण तो सुरक्षित राहावा म्हणून. मेंदूतील गाठीचे निदान झाल्यावर, आपल्यामागे त्याची जपणूक कोण करणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता, आणि शांतिनिकेतनातून २००४ मध्ये रवींद्रनाथांचे नोबेल पदक चोरीला गेल्याचा दाखला त्यांनी स्वतः दिला होता. आपल्याकडच्या जतनाच्या व्यवस्थेवर हा अविश्वास होता, यात शंका नाही, आणि तो अनाठायी होता असेही मला वाटत नाही. मात्र निषेध म्हणून सन्मान नाकारणे वेगळे आणि मिळालेली वस्तू जपली जाईल अशा ठिकाणी ठेवणे वेगळे. पुतळा पाठवून त्या रुसून घरी बसल्या असत्या, तर त्यानंतर, २०१५ मध्ये आलेल्या ‘नागरिक’ या मराठी चित्रपटाची वेशभूषा त्यांनी केली नसती.