तायी कार्ड

आज सकाळी नातीला लसीचा डोस द्यायला घेऊन गेले होते. आता रात्रीचे साडेदहा झालेत, तरी डोकं शांत होत नाही, म्हणून लिहायला बसले.

रांगेत माझ्यापुढे एक मुलगी होती. मुलगीच म्हणायची, विशी-बाविशीची असेल. कडेवर सोळा महिन्यांचं पोरगं. ऊसतोडीची टोळी नुकतीच परत आलेली, कर्नाटकातल्या इंडीच्या पलीकडच्या फडातून. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढून ती म्हणाली, "तायी कार्ड हाय की, सिस्टर." टेबलावरून उत्तर आलं, "ताईचं कार्ड काय करू? बाळाचं कुठाय?"

'तायी' म्हणजे कन्नडमध्ये आई. आईचं आणि बाळाचं सगळं त्या एका कार्डात असतं. गेल्या वर्षी जानेवारीत ऐन हंगामात तिचं बाळंतपण तिकडंच झालं, पुढचे डोसही तिकडंच. सगळं लिहिलेलं होतं, शिक्के होते, फक्त अक्षरं कानडी होती. "आम्हाला वाचता येत नाही. तिकडून मराठीत नाहीतर इंग्रजीत लिहून आणा." तिकडून म्हणजे कुठून? बिचारी कडेवरचं पोर सावरत तशीच उभी राहिली. कार्ड परत पिशवीत घालायला लागली तेव्हा मला राहवलं नाही. मी वाचून दाखवलं. दडार-रुबेल्ला म्हणजे गोवर-रुबेला, पहिला डोस नोव्हेंबरात झालाय, आता सोळा महिने झालेत, दुसरा द्यायचाय. थोडी बाचाबाची झाली. मग डॉक्टर आले, त्यांनी बघितलं आणि डोस दिला.

दिला, हे मान्य. पण मी नसते तर?

माझ्या लहानपणी 'मी नसते तर' हा प्रश्नच आला नव्हता, कारण आमच्याकडे पंतुलम्मा होत्या, आमच्या बालवाडीच्या बाई. जुन्या मित्रमैत्रिणींना आठवत असतील. आमचं घर कानडी, वडील गिरणीच्या कामासाठी इंडी तालुक्यातून सोलापुरात आलेले, आणि राहायला पूर्व भागात. शेजार सगळा तेलुगू. आई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची. 1974 साली मला बालवाडीत घातलं तेव्हा मला मराठीचा एक शब्द येत नव्हता. मी दाराला धरून रडत होते. पंतुलम्मा घरच्या तेलुगू. त्या खाली बसल्या, माझ्या उंचीला आल्या आणि म्हणाल्या, "बा अव्वा, अळबेड." ये गं बाई, रडू नको. मी दार सोडलं.

त्या चिंचोके मोजायला शिकवायच्या ते तीनदा. ओकटी, रेंडू, मूडू. ओंदु, एरडु, मूरु. एक, दोन, तीन. आम्हाला वाटायचं, मोजायचं म्हणजे असंच मोजायचं असतं.

सरकारने एकात्मिक बालविकास योजना, म्हणजे अंगणवाड्यांची योजना, सुरू केली 2 ऑक्टोबर 1975 ला. आमच्या पंतुलम्मा त्याआधीच्या. आणि अंगणवाडीची मूळ कल्पना तरी एका राज्याची आहे का? ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या, 1945 साली बोर्डीत खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी काढली, पुढे अनुताई वाघांना घेऊन कोसबाडला आदिवासी पाड्यांत गेल्या. इटलीच्या माँटेसरीबाईंची महागडी साधनं परवडेनात, तर बिया, शंख-शिंपले, पानं घेऊन शिकवलं. इटलीतलं बी गुजरातेत रुजलं आणि महाराष्ट्रात वाढलं. त्या बायकांना कुणी विचारलं नाही की हे आमच्याकडचं आहे का.

आता पन्नास वर्षांनी आम्ही विचारतो.

ज्यांनी कोयत्याची, म्हणजे ऊसतोड्यांची, घरं जवळून पाहिलीत त्यांना सांगायला नको. दसरा-दिवाळीला मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन जोडपं निघतं. शाळेच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं तरी आहेत, आजी-आजोबा तरी आहेत. पण तीन वर्षांच्या पोराला कोणत्या वसतिगृहात ठेवणार? अंगावर पिणारं लेकरू कुणाकडे सोपवणार? म्हणजे सगळ्यात लहान तेच आईबरोबर जातं, फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतं, पहाटेच्या थंडीत पाचटावर झोपतं. कागदावर अंगणवाडीचा आहार वर्षातले 300 दिवस. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. करा हिशेब. निम्मे दिवस त्या पोराचं ताट इकडं रिकामं आणि तिकडं त्याचं नावच नाही. आज सकाळच्या त्या पोराच्या दंडाला कुपोषण मोजायची पट्टी लावली तर पिवळ्यात आलं. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेलं की लाल. फार लांब नव्हतं ते लालपासून.

कुणीतरी आता सांगेलच की पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी ॲपमध्ये, स्थलांतरित लाभार्थ्याची नोंद दुसऱ्या राज्यात बदलता येते. येते, ठीक आहे. पण आज त्या पोरीला विचारलं, मोबाईल नंबर कुठला दिलाय? मुकादमाचा! ओटीपी मुकादमाच्या फोनवर आणि मुकादम गावाला. ट्रॅकर कुणाचा माग काढणार?

आणि अंगणवाडी सेविकांवर माझा राग नाही, हे नीट वाचा. त्यांच्या डोक्यावर किती रजिस्टरं आहेत ते मला माहीत आहे. पूर्व भागातल्या कितीतरी सेविका आजही तेलुगू-कानडी दोन्ही बोलतात, कुणी भत्ता देत नाही तरी बोलतात. सकाळी टेबलावरच्या बाईंवरही मी जरा जास्तच चढले. तिला तरी कुणी कानडी शिकवलंय? राग आहे तो वरच्यांवर.

निवडणूक लागली की दोन्ही राज्यांचे अधिकारी सीमेवर बैठक घेतात. दारू अडवायची, पैसा अडवायचा, नाके लावायचे, एकमेकांचे नंबर घ्यायचे. म्हणजे बसता येतं ना एका टेबलाशी? मग हंगामाच्या आधी सोलापूर, धाराशिव, विजयपूर, कलबुर्गी या चार जिल्ह्यांच्या महिला-बालविकासवाल्यांनी एक दिवस बसायला काय होतं? कुठली टोळी कुठल्या कारखान्याला चालली, तिच्यात सहा वर्षांखालची पोरं किती, फडाजवळची अंगणवाडी कुठली, तिथल्या सेविकेचा नंबर काय. आणि कार्डावर दोन लिप्या. बस. एवढंच मागणं आहे.

दक्षिण आशियातल्या सात देशांनी 2002 साली काठमांडूत बालकल्याणासाठी प्रादेशिक सहकार्याचा करार केला होता, सार्कच्या परिषदेत. भारत आणि पाकिस्तान, दोघांच्या सह्या आहेत त्याच्यावर. त्याचं पुढे फार काही झालं नाही, हेही खरं. पण सही तरी केली. आपल्यात तर भीमेवरचा एक पूल आहे मध्ये. टाकळीचा पूल ओलांडला की धूळखेड. इकडचं पोर तिकडं गेलं की परकं?

बरं, तिकडून शिकण्यासारखं आहे तेही घेत नाही. कर्नाटकाने 2023 पासून ग्रामपंचायतींत 'कूसिन मने' काढली, म्हणजे बाळाचं घर. रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांच्या तीन वर्षांखालच्या पोरांसाठी पाळणाघर. तेलंगणात 2015 पासून गरोदर बाईला अंगणवाडीतच रोज पूर्ण जेवण मिळतं, दूध आणि अंड्यासकट. आपल्याकडे अमृत आहार आहे, पण आदिवासी भागापुरता. आपणही इतरांना दिलंय. पोषण मिशन देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने काढलं, 2005 साली. मग बसून एकमेकांना सांगा ना! नाही. आपण सीमावादाचा महाजन आयोग काढून बसणार. अक्कलकोट कुणाचं, निपाणी कुणाची. एसटीला काळं फासणार. त्या एसटीत कुणाचं तरी लेकरू असतं हो.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला तीन राज्यांची माणसं येतात. नंदीध्वज बघायला पोरांना खांद्यावर घेऊन उभी असतात. तिथं कोण कुणाची भाषा तपासतं?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. एक सांगायचं राहिलं. सुई टोचल्यावर ते पोर जे रडायला लागलं ते थांबेना. आई "बस कर बाळा" म्हणतेय, मी "नको रडू" म्हणतेय, ऐकेना. मग माझ्या तोंडून आपसूक निघालं, "बा तम्मा, अळबेड." पोरगं एकदम थांबलं, माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले. फडाशेजारच्या कानडी आजीनं सांभाळलं म्हणे चार महिने. मला पंतुलम्मांचा पदर आठवला, तिथंच डोळ्यात पाणी आलं.

कार्डाच्या मागे मी सगळे डोस तारखांसकट मराठीत लिहून दिलेत. पुढचे काही आठवडे टोळ्या परतायच्याच आहेत, अशी कार्डं अजून येणार. लसीकरणाच्या दिवशी सकाळी दोन तास मी टेबलाशेजारी बसायला तयार आहे, त्यांनी बसू दिलं तर. एकटीने सगळीकडे होणार नाही. कानडी वाचता येणारे कोण कोण आहात? अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडचे आधी सांगा.